अद्भुत कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांतले कोणते प्रसंग मुलांना दाखवावेत, आणि कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवण तालुक्यातल्या एका शाळेला मे महिन्याच्या सुट्टीत सातवी ते नववीच्या चाळीसेक मुलांसाठी पाच संध्याकाळी कार्यक्रम करायचा आहे. विषय गाजलेल्या अद्भुत कादंबऱ्या आणि त्यांवर निघालेले चित्रपट. पूर्ण चित्रपट दाखवायला वेळ नाही, म्हणून निवडक प्रसंग. कोणते निवडावेत, पुस्तकाशी कसे ताडून पाहावेत आणि शाळेच्या अंगणात ते नीट दिसावेत-ऐकू यावेत यासाठी काय करावं?

आधी निवडीबद्दल. पहिला हात लढायांकडे जातो, तो आवरा. पूर्ण चित्रपट पाहताना लढाई अंगावर काटा आणते. तीच चार मिनिटं कापून दाखवली तर नुसता गोंगाट उरतो, कारण कोण कोणासाठी मरतोय हे मुलांना ठाऊक नसतं. प्रसंग असा घ्या की पुस्तकात तो दोन-तीन पानांत मावतो, पडद्यावर दोन ते पाच मिनिटांत संपतो आणि पानावर जे शब्दांनी केलं त्यासाठी चित्रपटवाल्यांनी काहीतरी हाताने धरता येईल अशी युक्ती काढलेली असते. युक्ती एका वाक्यात सांगता आली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी मुलांना ती मोबाइलवर करून बघता आली पाहिजे. तुमच्याकडची मुलं या बाबतीत शहरातल्या मुलांच्या एक पाऊल पुढे आहेत. जत्रेत दशावतार बघताना एकच बाकडं आधी सिंहासन होतं, मग डोंगर होतो, हे त्यांनी लहानपणापासून मान्य केलेलं आहे. पडद्यावरची बरीचशी जादू त्या बाकड्याचीच भावंडं आहे.

एका प्रसंगाला पस्तीस-चाळीस मिनिटं धरा. पहिली सात-आठ मिनिटं पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचा. मराठी अनुवाद हाताशी असला तर त्यातून (हॅरी पॉटर मराठीत आहे), नसला तर शिक्षकांनी आदल्या रात्री दीड-दोनशे शब्दांत मराठी करून आणावं. समोर उभं राहून तोंडी भाषांतर करू नका, वाक्यं अडखळतात आणि मागची रांग बोलायला लागते. मग प्रत्येकाला कागदावर चार चौकटी आखून द्या आणि विचारा, ‘हा प्रसंग तुम्ही कुठून दाखवाल?’ दहा मिनिटं पुरतात, चित्रं वाईट आली तरी चालतात. त्यानंतर चित्रपटातला तुकडा, दोनदा. पहिल्यांदा आवाजासकट, दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवून. उरलेला वेळ बोलण्याला. हा क्रम उलटा केला की सगळं फसतं. आधी पडद्यावर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या नायकाचा, फ्रोडोचा, चेहरा दिसला की चाळीसही कागदांवर तोच चेहरा येतो.

‘पुस्तक चांगलं की सिनेमा?’ हा प्रश्न अजिबात विचारू नका. दोन तट पडतात आणि पुढची वीस मिनिटं वाया जातात. त्याऐवजी विचारा: पानावरचं काय गळालं आणि त्याच्या जागी काय आलं?

पहिल्या संध्याकाळी दोन दारं दाखवा. पहिलं नार्निया या जादूच्या देशाचं. सी. एस. लुईसची ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ही कादंबरी १९५०ची, अँड्र्यू अ‍ॅडमसनचा चित्रपट २००५चा. पुस्तकात पावसाचा दिवस असतो, मुलं घर धुंडाळत फिरतात. एका खोलीत फक्त एक मोठं कपाट आणि खिडकीत मरून पडलेली एक माशी. त्यातली धाकटी ल्यूसी दार उघडते तेव्हा दोन डांबरगोळ्या खाली पडतात. ती फरच्या कोटांमधून आत सरकते, पायाखाली काहीतरी कुरकुरतं आणि तिला वाटतं, आणखी डांबरगोळ्या असतील. वाकून हात लावते तर गार. मग चेहऱ्याला कोटाऐवजी काहीतरी टोचतं, ती झाडाची फांदी असते. म्हणजे पायाला, हाताला, गालाला आधी कळतं आणि डोळ्यांना सगळ्यात शेवटी. हा क्रम मुलांकडून पानावर बोट ठेवून काढून घ्या.

चित्रपटात ल्यूसी लपाछपी खेळताना कपाटात शिरते. पुस्तकातही लपाछपी आहे, पण ती दुसऱ्या खेपेला. पटकथाकारांनी ती आधी आणली, कारण पडद्यावर ‘सहज फिरत होती’ हे कारण लुळं पडतं, धावायला आणि गप्प राहायला काहीतरी निमित्त लागतं. ल्यूसी झालेल्या जॉर्जी हेन्लीला बर्फाचा सेट आधी दाखवलाच नव्हता. डोळे बांधून तिला तिथे आणलं आणि तिची पहिली प्रतिक्रिया कॅमेऱ्याने टिपली. आवाज बंद करून दुसऱ्यांदा दाखवाल तेव्हा फक्त तिचा चेहरा बघायला सांगा. आणि आपल्या मुलांनी बर्फ कुठे पाहिलाय, याची चिंता करू नका. बंदरावर मासळीच्या क्रेटमधून सांडलेला चुरा बर्फ चपलेखाली आला की कसा वाजतो, हे मालवणच्या मुलांना चांगलं माहीत असतं. तोच आवाज ल्यूसीच्या पायाखाली आहे.

दुसरं दार ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चं. एल. फ्रँक बॉमची कादंबरी १९००ची, चित्रपट १९३९चा. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात कॅन्ससचं वर्णन करताना बॉम ‘करडा’ हा एकच रंग पुन्हा पुन्हा वापरतो. जमीन करडी, गवत करडं, घर करडं, नायिका डोरोथीच्या काकूचे डोळेसुद्धा करडे. वाचताना मुलांना मोजायला लावा. चित्रपटात कॅन्सस तपकिरी छटेत आहे. वावटळ घर उचलते, घर आपटतं, डोरोथी दार उघडते आणि बाहेर सगळं रंगीत. दोन्ही रंग एकाच शॉटमध्ये.

हे कसं केलं ते सांगायच्या आधी मुलांना अंदाज करू द्या. बहुतेक जण ‘कॉम्प्युटर’ म्हणतील, तेव्हा चित्रपटाचं साल फळ्यावर लिहा. शॉट रंगीत फिल्मवरच घेतला होता. तपकिरी होती ती खोली. भिंती, दार, चौकट सगळं तपकिरी रंगाने रंगवलेलं. दाराकडे जाणारी, पाठमोरी दिसणारी मुलगी म्हणजे डोरोथी झालेली ज्युडी गार्लंड नव्हे. ती तिची बदली, बॉबी कोशे, आणि तिचा पोशाखही तपकिरी. ती दार उघडून बाजूला होते, कॅमेरा पुढे सरकतो आणि निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झग्यातली खरी ज्युडी चौकटीत येते. रंगाची बादली आणि एक जादा मुलगी, एवढंच भांडवल. दुसऱ्यांदा दाखवताना बदली नेमकी कुठे झाली ते शोधायला सांगा, मुलं तुम्हाला चार-पाच वेळा मागे न्यायला लावतात.

डोरोथीचे जोडे कादंबरीत चांदीचे आहेत. चित्रपटात ते माणकाचे झाले, कारण रंगीत फिल्मवर लाल उठून दिसतो. वावटळीबद्दलही दोन शब्द बोला. निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) पाहिलेल्या किनाऱ्यावर वाऱ्याने छप्पर उडणं ही गोष्टीतली बाब नाही. कादंबरीत घर वर जातं ते फुग्यासारखं, हळुवार, आणि डोरोथी चक्क पलंगावर झोपी जाते. चित्रपटात खिडकीची चौकट डोक्यात बसून ती बेशुद्ध पडते आणि पुढचं सगळं स्वप्न ठरतं. बॉमच्या पुस्तकात ऑझ हा जादूचा प्रदेश खरा आहे. चित्रपटाने केलेला हा बदल मला आजही पटत नाही, पण वावटळ मात्र अस्सल वाटते. ती म्हणजे सुमारे ३५ फूट लांबीचा मलमलीचा निमुळता मोजा होता. वरचं टोक फिरत्या गाड्याला, खालचं जमिनीखालून सरकणाऱ्या गाडीला, आणि सभोवती मातीचा धुरळा.

दुसरी संध्याकाळ मापांची. जे. आर. आर. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रास्ताविकात हॉबिट ही बुटक्यांची जमात दोन ते चार फूट उंचीची असते, असं एका वाक्यात सांगून टाकलंय. कागदावर तेवढं पुरतं. पीटर जॅक्सनच्या चित्रपटात (पहिला भाग २००१) जवळपास सारख्या उंचीचे नट होते आणि त्यातला एक दुसऱ्याच्या निम्मा-पाऊण दिसायला हवा होता. बॅग एंड या बिल्बो नावाच्या हॉबिटच्या बिळातल्या घरात उंच जादूगार गँडाल्फ येतो तो तुकडा दाखवा. तो वाकून चालतो, तुळईला डोकं आपटतं, मग दोघं टेबलाशी बसतात.

इथे तीन-चार युक्त्या एकत्र आहेत. घराचे दोन सेट, एक लहान मापाचा आणि एक मोठ्या मापाचा. पाठमोऱ्या शॉटसाठी बुटके आणि उंच बदली नट. तिसरी युक्ती मुलांना करता येते: एक नट कॅमेऱ्याच्या जवळ, दुसरा लांब, आणि दोघं शेजारी बसल्यासारखे दिसतील अशी मांडणी. गणित सोपं आहे. अंतर दुप्पट झालं की दिसणारी उंची निम्मी. सारख्या उंचीच्या दोन मुलांपैकी एकाला मोबाइलपासून २ मीटरवर आणि दुसऱ्याला ३ मीटरवर बसवलं तर मागचा दोन-तृतीयांश दिसतो, म्हणजे हॉबिट तयार.

वाळूवर करायला गेलात तर पहिली चूक पायांची होते. मागच्याचे पाय वाळूत वर दिसतात आणि बिंग फुटतं. म्हणून पाय चौकटीत येऊच देऊ नका. ओढून ठेवलेल्या होडीच्या आड दोघांना उभं करा आणि काठाच्या वरचा भाग तेवढा घ्या. दुसरी चूक नजरेची. मुलं खरोखर एकमेकांकडे बघतात, त्यामुळे पुढचा मागे वळून बघतोय हे कळतं. पुढच्याने सरळ बाजूला, हवेत बघायचं आणि मागच्याने किंचित वर. मोबाइलच्या पडद्यावर बघणाऱ्या तिसऱ्या मुलाने ‘अजून डावीकडे, बस्’ असं सांगत राहायचं. तिसरी चूक सावल्यांची. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दोघांच्या सावल्या वेगवेगळ्या जागी पडतात. ढगाळ वेळ किंवा सावली गाठा. मोबाइलचा साधा, १ पटीचा कॅमेरा वापरा आणि ‘पोर्ट्रेट’ मोड बंद ठेवा, नाहीतर मागचा हॉबिट धूसर होतो.

ही युक्ती कॅमेरा एका जागी आहे तोवरच टिकते. कोकण रेल्वेच्या खिडकीतून बघताना जवळचे खांब सपासप मागे जातात आणि लांबचा डोंगर हलत नाही, तसंच इथे होतं. कॅमेरा बाजूला सरकला की जवळचा नट जास्त सरकतो, लांबचा कमी, आणि डोळा फसत नाही. जॅक्सनच्या मंडळींनी यावर तोडगा काढला. टेबलाचे दोन तुकडे केले आणि कॅमेरा सरकेल त्याच्या हिशेबात एका नटालाही त्याच्या टेबलाच्या तुकड्यासकट सरकत्या पाटावर सरकवलं. हे सांगून तोच तुकडा पुन्हा लावा. सगळी मुलं टेबलाची फट शोधायला लागतील. सापडत नाही.

तिसऱ्या संध्याकाळचा प्रसंग एकच, पण या निवडीतला माझ्या मते सगळ्यात सरस. याच मालिकेतल्या ‘द टू टॉवर्स’ (२००२) मधला गॉलमचा स्वतःशी वाद. गॉलम म्हणजे जादूच्या अंगठीने बिघडवलेला प्राणी; स्मीगल हे त्याचं मूळ नाव आणि त्याच्यातली भली बाजू. पुस्तकात अर्धवट झोपेतला सॅम, फ्रोडोचा सोबती, तो ऐकतो. गॉलम दोन आवाजांत बोलतो आणि टोल्किन लिहितो की बोलताना त्याच्या डोळ्यांत एकदा फिकट, एकदा हिरवा उजेड येतो. म्हणजे आपण सगळं सॅमच्या कानांनी ऐकतो. चित्रपटाने सॅमला झोपूच दिलंय. ऐकणारा कोणी नाही, फक्त आपण.

सुरुवातीला कॅमेरा कापाकापी न करता त्याच्याभोवती एका बाजूकडून दुसरीकडे जातो. स्मीगल या कुशीला, गॉलम त्या कुशीला. आणि मग, आपल्या लक्षात यायच्या आत, कट सुरू होतात. डावीकडे बघणारा चेहरा, उजवीकडे बघणारा चेहरा, जसं दोन माणसांचं भांडण दाखवतात अगदी तसं. डोळ्यांतल्या उजेडाच्या जागी बाहुल्या आल्यात. स्मीगलच्या मोठ्या, गॉलमच्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अँडी सर्किसने प्रसंग अंगाने केला, त्याच्या हालचाली यंत्राने टिपल्या आणि चेहऱ्याचे भाव अ‍ॅनिमेटरांनी त्याच्या अभिनयाकडे बघून बसवले. मुलांना मात्र तंत्रापेक्षा पहिला कट कुठे येतो ते शोधायला लावा. थांबवा, मागे न्या, पुन्हा लावा.

आता गळालं काय, आलं काय. पुस्तकात या वादात कोणी जिंकत नाही, कट शिजत जातो आणि ‘ती’ (म्हणजे शेलोब ही राक्षसी कोळीण) मदत करेल, असा इशारा येतो. चित्रपटात स्मीगल गॉलमला हाकलून देतो आणि आनंदाने नाचतो. एवढंच पाहिलं तर वाटेल, पटकथाकारांनी गोष्ट गोड केली. पण त्यांनी त्या पानाचा उरलेला अर्धा भाग फेकलेला नाही, चित्रपटाच्या अगदी शेवटी नेऊन ठेवलाय. तिथे गॉलमचा कट शिजतो आणि ‘ती’चा उल्लेख येतो. दोन्ही तुकडे मध्ये पाच मिनिटांची सुट्टी देऊन लागोपाठ दाखवा. एका पानाच्या दोन फाका करून मधल्या वेळात प्रेक्षकाला भाबडं ठेवायचं, यापेक्षा चांगलं माध्यमांतराचं उदाहरण मुलांसमोर ठेवता येणार नाही.

करून बघायला एक स्टूल आणि एक मुलगा किंवा मुलगी पुरते. तिने एक वाक्य मोबाइलच्या डावीकडे बघून म्हणायचं, उत्तर उजवीकडे बघून. दोन्ही वेळा मोबाइल हलवायचा नाही. सगळ्यांचं एकाच ठिकाणी चुकतं: आवाज फार बदलतात. एक किनरा, एक घोगरा, आणि नाटक होतं. आवाज तोच ठेवून फक्त खांदे आणि नजर बदलायला सांगा. जोडताना वाक्याच्या शेवटच्या अक्षरावर कापा, नंतरची शांतता ठेवू नका.

चौथी संध्याकाळ कुडाळजवळच्या पिंगुळीशी जोडून घ्या. पिंगुळीच्या ठाकर समाजाकडे चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या अशी परंपरा आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. शक्य असेल तर सकाळी मुलांना तिथे घेऊन जा आणि संध्याकाळी ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’च्या पहिल्या भागातली (२०१०) तीन भावांची गोष्ट दाखवा.

कादंबरीत (२००७) हर्मायनी ही गोष्ट वाचून दाखवते. तीन भाऊ नदीवर पूल बांधतात, मृत्यू समोर येतो, बक्षिसं देतो आणि मग एकेकाला गाठत जातो. गोष्ट तीन पानांची, पण तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. पटकथेत असा भाग आला की दिग्दर्शकांना घाम फुटतो. एक पात्र पुस्तक वाचतंय, बाकीचे ऐकतायत, कॅमेऱ्याने करायचं काय? इथे दिग्दर्शक डेव्हिड येट्सने कॅमेरा नटांवरून काढून घेतला आणि बेन हिबनच्या दिग्दर्शनाखाली छायाबाहुल्यांच्या वळणाचं अ‍ॅनिमेशन करून घेतलं. १९२६ साली काळे पुठ्ठे कातरून पूर्ण लांबीचा चित्रपट करणाऱ्या लोट्टे रायनिगरच्या कामाची छाया त्यावर आहे. हे कॉम्प्युटरवर केलेलं असलं तरी बाहुल्यांचे सांधे, बारीक बोटं आणि मागून येणारा पिवळा उजेड पाहिला की पिंगुळीहून आलेल्या मुलांना कोणी काही समजावायला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट मुलांना करू द्या. सामान असं: पांढरं धोतर किंवा मांजरपाटाचं दोन मीटर कापड, जुने पुठ्ठे, काळा कागद, सुईदोरा, माडाचे हीर आणि एक टॉर्च. कापड दोन खांबांत ताणून बांधा. सुरकुती राहिली तर बाहुलीचं नाक वाकडं होतं, म्हणून खालच्या कडेला काठी शिवून वजन द्या. बाहुली वीतभर ते दीड वीत. खांदा आणि कोपर इथे भोक पाडून दोऱ्याची सैल गाठ मारली की हात हलतो. गाठ घट्ट झाली की हात अर्ध्यावर अडकतो. हीर बाहुलीच्या पाठीला चिकटवा, एक अंगाला, एक हाताला.

सगळी गंमत दिव्यात आहे. ट्यूबलाइट किंवा लांब एलईडी पट्टी लावलीत तर सावलीच्या कडा विस्कटतात, कारण उजेड एका ठिकाणाहून येत नाही. एकच बारीक दिवा असलेला टॉर्च घ्या, मोबाइलचाही चालतो, आणि तो कापडापासून २ मीटर मागे ठेवा. बाहुली कापडाला चिकटून असेल तर सावली नेमकी बाहुलीएवढी आणि कडक. तीच बाहुली दिव्याच्या दिशेने नेली तर सावली मोठी होत जाते. बरोबर मध्ये, म्हणजे कापडापासून १ मीटरवर, ती दुप्पट होते. कडा थोड्या मऊ होतात, आणि मृत्यूला तेच शोभतं. तिन्ही भाऊ कापडाजवळ ठेवा, मृत्यू मागून वाढत येऊ दे. त्याला वेगळी मोठी बाहुली कापायची गरज नाही. फक्त बाहुली धरणाऱ्याचं डोकं उजेडात येणार नाही असं बसवा, नाहीतर चौथा भाऊ अवतरतो.

पाचव्या दिवशी आगट्यांचा प्रसंग, ‘द रिटर्न ऑफ द किंग’ (२००३). डोंगरामागून डोंगर पेटत जातात आणि मदतीचा निरोप गोंडोरच्या राज्यातून रोहानच्या राज्यापर्यंत पोहोचतो. संवाद जवळपास नाहीत, हॉवर्ड शोरचं संगीत आणि न्यूझीलंडचे बर्फाळ डोंगर. पुस्तकात मात्र हे घोड्यावरून जाताना दिसतं. गँडाल्फ आणि पिपिन हा हॉबिट रात्री दौडतायत, पिपिनला आग दिसते आणि गँडाल्फ धावत्या घोड्यावरून सात शिखरांची नावं घेतो. सात नावं आणि झालं. चित्रपटाने त्या नावांचे शॉट केले, आणि झकास केले. त्याची किंमत गोंडोरच्या कारभाऱ्याने, डेनेथोरने, मोजली. पुस्तकात आगट्या त्यानेच पेटवलेल्या असतात. चित्रपटात तो नकार देतो आणि पिपिनला चोरून चढावं लागतं, म्हणजे धोरणी, थकलेला माणूस नुसता आडमुठा होऊन बसतो. प्रसंग आवडूनही हे मुलांना सांगा. आवडीच्या गोष्टीतली खोट दाखवता येणं त्यांना जमलं पाहिजे.

गणिताच्या शिक्षकांना इथे बोलवा. समुद्रावर किंवा सपाटीवर क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये हवं असेल तर मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणायचं. ३० मीटर उंचीवर उभं राहिलं तर साधारण १९.५ किलोमीटर. दोन्ही टोकं ३० मीटरवर असतील तर दुप्पट, ३९. दोन हजार मीटरच्या शिखरावरून दीडशेच्या वर. मग किनाऱ्याचा नकाशा घ्या आणि विजयदुर्ग ते तेरेखोल निरोप पोहोचवायला आगट्या कुठे कुठे पेटवाव्या लागतील, ते मुलांनाच खुणा करू द्या.

काही प्रसंग मुद्दाम टाळायला सांगतो. ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ (१९८४) मधला दलदलीत बुडणारा घोडा अप्रतिम आहे, पण संदर्भाशिवाय दाखवला तर सातवीची मुलं जेवत नाहीत. मिखाएल एंडेच्या पुस्तकात तो घोडा बोलतो, आपल्या स्वाराला, अत्रेयूला, निघून जा म्हणतो. चित्रपटाने त्याची वाचा काढून घेतली आणि त्यामुळे ते मरण आणखी जड झालं. नववीला हवा तर दाखवा. ‘प्रिझनर ऑफ अझ्काबान’ (२००४) मधली आगगाडीत येणारी पिशाच्चंही रात्री उशिरा नकोत. देवचार आणि चकव्याच्या गजाली ऐकून वाढलेली मुलं घाबरत नाहीत असा समज आहे. अंधारात माडांतून घरी जायचं असलं की घाबरतात.

आता पडदा आणि वीज. मेमध्ये मालवणात सूर्य सातच्या सुमारास बुडतो, साडेसातच्या आधी उघड्यावर चित्र नीट दिसणार नाही. वाचन आणि चौकटी सातला सुरू करा, पडद्याला अंधार आपोआप मिळतो. १० फूट रुंद पडद्याला उंची साडेपाच-पावणेसहा फूट लागते. साध्या प्रोजेक्टरला तेवढं चित्र पाडायला बहुधा १५ फूट अंतर लागतं, आधी एकदा मांडून बघा. पांढऱ्या कापडामागे काळं कापड लावा, नाहीतर मागचा उजेड आरपार येऊन चित्र फिकट करतो. खालच्या कडेला दोरी बांधून दोन्ही टोकं खेचून धरा. संध्याकाळचा समुद्रवारा पडद्याचं शीड करतो आणि नार्नियाची झाडं डुलायला लागतात.

प्रोजेक्टरचा रंग ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोडवर ठेवा. भडक मोडवर कॅन्ससचा तपकिरी रंग हिरवट दिसतो आणि दाराची सगळी गंमत जाते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की कोणीतरी मदतीला धावून चित्र ताणून भरतो. त्याला थांबवा, गँडाल्फ आणखी लांबुडका होतो. ‘लाइफ ऑफ पाय’मध्ये (२०१२) उडणारे मासे त्या काळ्या पट्टीवरून मुद्दाम बाहेर झेपावतात, पट्टी कापली तर तो खेळच जातो.

प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर चाळीस मुलांना पुरत नाही. गावातल्या भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन खोकी मागून आणा. खोकी पडद्याच्या दोन बाजूंना, मुलांच्या कानांच्या उंचीवर. प्रोजेक्टरशेजारी ठेवलीत तर गॉलम पाठीमागून बोलतो. लॅपटॉप प्रोजेक्टरपाशी ठेवून फक्त आवाजाची वायर पुढे न्या, लांब एचडीएमआय वायर दगा देते. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली तर पंखा बंद पडून आतला दिवा तापतो, म्हणून लहानसा यूपीएस मध्ये लावाच. वीज गेली की पाहत बसू नका, दिवा थंड होईस्तोवर पंखा चालू ठेवून नीट बंद करा.

हक्कांचा प्रश्नही आधीच सोडवा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक अशा शाळेशी संबंधित लोकांपुरतेच असावे लागतात. वाडीला आमंत्रण देऊन, तिकीट लावून किंवा सार्वजनिक वाचनालयात तोच कार्यक्रम करायचा असेल तर परवाना घ्यावा लागेल.

छायाबाहुल्यांचं सामान, म्हणजे धोतर, पुठ्ठे, हीर आणि सेल भरलेला टॉर्च, पहिल्या दिवसापासून पिशवीत तयार ठेवा. मे अखेरीला वळवाची सर आली आणि वीज तासभर आलीच नाही, तर मुलांना पडवीत घ्या, कापड बांधा आणि त्या दिवशी वाचलेलं पान सावल्यांनी करायला लावा.